ट्वेन्टी, हाय क्यूब की रीफर? न्हावा शेवाला माल पाठवताना कोणता कंटेनर मागावा

पहिल्यांदा निर्यात करणाऱ्याला माल पाठवायची व्यवस्था करणारा फॉरवर्डर फोनवर विचारतो, "ट्वेन्टी की फॉर्टी?" म्हणजे वीस फुटी कंटेनर की चाळीस फुटी. दोन भाडी ऐकून बरेच जण तिथल्या तिथे उत्तर देऊन मोकळे होतात. मग कोल्हापूरच्या कास्टिंगसाठी फॉर्टी लागतो, वजनाची मर्यादा गुडघाभर मालातच संपते आणि वरचा सगळा डबा रिकामा जातो. उलट सोलापूरच्या टॉवेलांना ट्वेन्टी येतो आणि शेवटची खोकी लोडिंगच्या धक्क्यावरच राहतात. भाडं हा नंतरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न मालाच्या घनतेचा, दुसरा दाराच्या उंचीचा आणि तिसरा पलीकडच्या देशातल्या रस्त्याचा.

खाली दिलेली मापं आतल्या बाजूची आहेत. बनवणाऱ्यागणिक एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होतात. वजनाचे आकडेही डब्याच्या वयावर अवलंबून असतात, त्यामुळे अंतिम शब्द नेहमी दारावर रंगवलेल्या आकड्यांचा.

घनता आधी काढा

पॅकिंगसकट एकूण किलो भागिले एकूण घनमीटर, एवढंच गणित आहे. ट्वेन्टीची क्षमता ३३ घनमीटर आणि नव्या डब्यात माल साधारण २८ टन. म्हणजे घनमीटरला ८५० किलोच्या आसपास माल असेल, तर जागा आणि वजन एकदमच संपतं. फॉर्टी हाय क्यूब, म्हणजे जास्त उंचीचा फॉर्टी, ७६ घनमीटरचा, पण वजन मात्र २६ ते २८ टनच. तिथे हाच आकडा ३५० किलोच्या आसपास येतो. निकाल सरळ आहे. ३५० च्या खाली हाय क्यूब, ८०० च्या वर ट्वेन्टी, आणि मधल्या मालासाठी दोन्हीचा प्रतिटन खर्च मांडून बघायचा. फॉर्टीचं भाडं ट्वेन्टीच्या दुप्पट क्वचितच असतं, त्यामुळे मधल्या पट्ट्यात पारडं बहुधा फॉर्टीकडे झुकतं.

एक फसगत इथेच होते. ३३ घनमीटर म्हणजे डबा काठोकाठ भरला तर मिळणारं माप. खोक्यांनी भरताना कोपरे, फटी आणि दाराजवळची जागा वाया जाते. व्यवहारात ट्वेन्टीत २७-२८ आणि हाय क्यूबमध्ये ६५-६८ घनमीटर धरावे. कुणी "पंचाहत्तर बसतील" म्हणाला, तर त्याने स्टफिंग, म्हणजे डबा भरणं, कधी बघितलेलं नाही असं समजा.

माल १३ ते १५ घनमीटरच्या आत असेल तर आख्खा डबा घेऊच नका. एलसीएल करा, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर वाटून. त्यापुढे ट्वेन्टी अर्धा रिकामा गेला तरी बहुधा परवडतो, कारण एलसीएलमध्ये पलीकडच्या बंदरावरचे हाताळणीचे आकार घनमीटरवर लागतात आणि ते कोटेशनमध्ये नीट दिसत नाहीत.

ट्वेन्टी: जड मालाचा राजा, पण अमेरिकेत सांभाळून

आत ५.९० मीटर लांब, २.३५ रुंद, २.३९ उंच. दाराची उंची २.२८. रिकामं वजन सव्वादोन टनांच्या आसपास. साखर, तांदूळ, फरशी, कास्टिंग, फोर्जिंग, पोलादी बार यांच्यासाठी याला तोड नाही. आखूड असल्यामुळे तळ कमी वाकतो. लांबीच्या दर मीटरला तो साधारण साडेचार टन पेलतो, तर फॉर्टीचा तळ तीनच टन. लोकांना हे उलटं वाटतं. "मोठा डबा, जास्त ताकद" हा समज काढून टाका. दोन्हींचं कमाल एकूण वजन जवळपास सारखंच असतं, फॉर्टीत ते फक्त दुप्पट लांबीवर पसरायचं असतं.

म्हणून १२ टनांचं यंत्र दोन मीटरच्या पायावर उभं असेल, तर ते सरळ प्लायवर ठेवू नये. तळ २८ मिलिमीटरच्या प्लायवूडचा असतो, त्याखाली पोलादी आडव्या पट्ट्या. यंत्राखाली लांबीच्या दिशेने लाकडी किंवा पोलादी तुळया टाकल्या की भार जास्त पट्ट्यांवर वाटला जातो. आडव्या टाकलेल्या तुळयांचा उपयोग नाही, हे स्टफिंगवाल्या मुकादमाला समोर उभं राहून सांगावं लागतं. लाकूड कच्चं चालत नाही; उष्णता दिलेलं आणि आयएसपीएम १५ चा (लाकडातली कीड रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का असलेलंच हवं, नाहीतर ऑस्ट्रेलियासारख्या देशात सगळा डबाच अडकतो.

अमेरिकेची गोष्ट वेगळी. तिथल्या हायवेवर ट्रक, ट्रेलर आणि माल मिळून ८०,००० पौंड, म्हणजे ३६.३ टन, ही साधारण मर्यादा आहे. ट्रॅक्टर, चॅसिस (डबा वाहणारा चाकांचा सांगाडा) आणि रिकामा डबा यांचं वजन वजा केलं की ट्वेन्टीत १७-१८ टन आणि फॉर्टीत १९-२० टन माल उरतो. समुद्रावर २७ टन चालतात, न्हावा शेवाचं गेटही ते घेतं, पण पलीकडे बंदरातून डबा बाहेर काढायला तीन आसांचं खास चॅसिस आणि ओव्हरवेट परवाना लागतो. ते मिळेपर्यंत डेमरेजचं, म्हणजे मुदतीनंतर डबा बंदरात पडून राहिल्याच्या आकाराचं, मीटर चालू. खरेदीदाराशी भाव ठरवतानाच त्याच्या दारापर्यंतची वजनमर्यादा लेखी मागून घ्यावी.

साधा फॉर्टी की हाय क्यूब

साडेआठ फुटी साधा फॉर्टी सुचवावा असं आता फारसं कारण उरलेलं नाही. आतली लांबी तीच, १२.०३ मीटर; रुंदी तीच; उंची २.३९ आणि घनफळ ६७. साडेनऊ फुटी हाय क्यूबमध्ये उंची २.६९ आणि घनफळ ७६, भाडं बहुतेक मार्गांवर तेच. नऊ घनमीटर फुकट मिळत असताना का सोडायचे?

अडचण एकच, आणि ती दारात उभी असते. हाय क्यूबच्या दाराची उंची २.५८ मीटर, म्हणजे आतल्या छतापेक्षा ११ सेंटिमीटर कमी. आतलं माप बघून २.६० मीटरचं पॅलेट (लाकडी चौथऱ्यावर रचलेली खोकी) रचलं की ते दारातच अडतं. फोर्कलिफ्टलाही पॅलेट जमिनीवरून थोडं उचलूनच आत न्यावं लागतं, म्हणून हाय क्यूबसाठी पॅलेटची उंची २.४५ ते २.५० आणि ट्वेन्टीसाठी २.१५ ते २.२० मीटरच्या वर नेऊ नका. फोर्कलिफ्ट भाड्याने आणताना फ्री लिफ्ट मास्टचीच मागा. नाहीतर काटे वर गेले की मास्टही वर जातो आणि दाराच्या वरच्या चौकटीवर आदळतो.

दुसरी अडचण कारखान्याबाहेरची. ट्रेलरवर चढलेला हाय क्यूब रस्त्यापासून साधारण ४.४ मीटर उंच जातो. एमआयडीसीच्या आतल्या गल्ल्यांतल्या लोंबत्या केबल, गेटवरची नावाची कमान, शेडचा पत्रा हे सगळं आदल्या दिवशी टेप लावून मोजावं. रात्री दहाला गाडी लागल्यावर कमान कापायला वेल्डर शोधण्याची वेळ कुणावर येऊ नये.

परदेशी मराठी दुकानांसाठी दिवाळीचा फराळ पाठवणाऱ्यांना हाय क्यूब हमखास सुचवला जातो आणि घनतेच्या हिशेबाने ते बरोबरही आहे. चिवडा, चकली हलकी. पण तळाच्या खोक्याला वरच्या अडीच मीटरचा भार सोसावा लागतो, आणि पावसाळ्यात भरलेला पुठ्ठा ओलावा पिऊन मऊ पडतो. सात पदरी पुठ्ठ्याचं खोकं पाच पदरीच्या किमतीत बसवायला गेलं की तळाच्या दोन रांगांत चकलीचा चुरा होतो. खोक्यावर किती थर रचता येतील, हे पॅकिंगवाल्याकडून लिहून घ्या आणि तेवढीच उंची वापरा, वर मोकळी जागा राहिली तरी.

४५ फुटी डबाही असतो, ८६ घनमीटरचा. आपल्याकडे मिळायला कठीण, ट्रेलर शोधायला त्याहून कठीण. रोजचा मोठा हलका माल नसेल तर त्याच्या नादी लागू नये.

रुंदीतले पाच सेंटिमीटर

सगळ्या ड्राय, म्हणजे थंड करायचं यंत्र नसलेल्या साध्या डब्यांची आतली रुंदी २.३५ मीटर. १.२ बाय १.० मीटरची दोन पॅलेटं लांब बाजूने शेजारीशेजारी ठेवली तर २.४० होतात, म्हणजे पाच सेंटिमीटरने हुकतात. म्हणून एक रांग आडवी आणि एक उभी ठेवावी लागते, १.२ अधिक १.० म्हणजे २.२०. ट्वेन्टीत अशी नऊ-दहा पॅलेटं बसतात, फॉर्टीत २० ते २१. कागदावर फॉर्टीत २२ बसतात, पण तेव्हा १२.०३ मीटरच्या लांबीत तीनच सेंटिमीटर शिल्लक राहतात, आणि खोकी जरा फुगली की शेवटचं पॅलेट दाराबाहेर.

युरोपात चालणारी ०.८ बाय १.२ ची पॅलेटं ट्वेन्टीत ११, फॉर्टीत २४-२५. रांगांमधल्या १५ सेंटिमीटरच्या फटीत एअर बॅग फुगवून घाला, नाहीतर समुद्रात डोलताना रांग कलंडते आणि दार उघडणाऱ्याच्या अंगावर खोकी येतात. वजन दोन्ही अर्ध्यांत सारखं पसरवा. एका अर्ध्यात ६० टक्क्यांपेक्षा जास्त गेलं, तर क्रेनवर डबा तिरका उचलला जातो.

रीफर

रीफर म्हणजे थंड करायचं यंत्र बसवलेला डबा. भाव सगळ्यात जास्त, आणि चुका सगळ्यात महाग याच डब्यात होतात. नाशिकच्या द्राक्षांच्या हंगामात, जानेवारी ते एप्रिल, यालाच सगळ्यात जास्त मागणी असते. चालतो तो बहुतेक ४० फुटी हाय क्यूब रीफर: आत साधारण ११.५८ मीटर लांब, २.२९ रुंद, भिंतींतल्या इन्सुलेशनमुळे ड्रायपेक्षा अरुंद. छताच्या खाली लाल रेघ असते. तिच्या वर माल गेला की परतीची हवा अडते. १.२ बाय १.० ची २० पॅलेटं बसतात, त्याहून जास्त कोंबू नयेत.

रीफरची कामाची रीत समजून घेतली तर निम्म्या तक्रारी होतच नाहीत. यंत्र थंड हवा खालून सोडतं. जमीन टी आकाराच्या अ‍ॅल्युमिनियम पट्ट्यांची असते, त्या पन्हळींतून हवा दारापर्यंत जाते, मालातून वर चढते आणि छताखालून यंत्राकडे परतते. म्हणून खोक्यांची भोकं उभ्या रेषेत जुळली पाहिजेत. शेवटच्या पॅलेटपासून दारापर्यंत जमीन उघडी राहिली, तर हवा मालात न शिरता तिथूनच वर पळते आणि मधली पॅलेटं तापतात. तो उघडा भाग जाड पुठ्ठ्याने झाकायचा. पॅलेटला प्लास्टिक फिल्म गुंडाळणं हा तर रीफरमधला गुन्हाच. कोपऱ्यांना पट्ट्या आणि दोऱ्या पुरतात.

यंत्राची ताकद थंड माल थंड ठेवण्याइतकीच असते. मळ्यातून २८ अंशांवर आलेली द्राक्षं डब्यात घालून "रस्त्यात थंड होतील" म्हटलं, तर मधल्या पॅलेटचं तापमान खाली यायला कित्येक दिवस जातात आणि तोवर देठ वाळतात, बुरशी धरते. आधी प्रीकूलिंग चेंबरमध्ये जोराची हवा फिरवून ती शून्याच्या जवळ आणायची, मण्यात टोचायच्या थर्मामीटरने मोजायची आणि मगच भरायची. सेटिंग उणे ०.५ ते शून्य, सोबत खोक्यात सल्फर डायऑक्साइडचे पॅड.

डबा आधीच थंड करून आणायचा मोहही टाळा, विशेषतः भरण्याचा धक्का उघडा असेल तर. दार उघडताच बाहेरची दमट हवा थंड भिंतींवर पाणी होऊन बसते आणि ते यंत्राच्या कॉइलवर बर्फ होऊन चिकटतं. कोल्ड स्टोअरेजचं दार डब्याला रबरी पडद्याने जोडलेलं असेल तरच प्रीकूल करा. भरताना यंत्र बंद, दार लावल्यावर चालू.

तापमान सांगताना तीन गोष्टी ठळक लिहा: चिन्ह, एकक आणि व्हेंट. उणे १८ च्या जागी अधिक १८ टाइप होणं हे रत्नागिरीच्या गोठवलेल्या मासळीचं मरण. अमेरिकेचा खरेदीदार "झिरो" म्हणाला तर फॅरनहाइट की सेल्सिअस ते विचारा. शून्य फॅरनहाइट म्हणजे जवळजवळ उणे १८ सेल्सिअस, त्यात द्राक्षांचा दगड होईल. व्हेंट म्हणजे ताज्या हवेची खिडकी. ती घनमीटर प्रति तास या मापात सांगायची. "२५ टक्के उघडी" असं लिहिलं तर प्रत्येक कंपनीच्या यंत्रात अर्थ वेगळा निघतो. गोठवलेल्या मालाला व्हेंट बंद. केळीला मात्र हवी, कारण केळी इथिलीन सोडतात आणि ते साचलं की सगळा डबा एकदम पिकतो. केळी १३ ते १४ अंशांवर जातात. त्याखाली साल काळवंडते आणि पुढे पिकवली तरी पिवळी होत नाही. डाळिंब ५ ते ७ अंशांवर. केळी आणि डाळिंब एका डब्यात बसवून भाडं वाचवायचा प्रस्ताव कुणी मांडला, तर दोन्ही मालांचं नुकसान तोच भरणार का, ते आधी विचारा.

घाटातून न्हावा शेवापर्यंतच्या रस्त्यात वीज कुठून येणार, हे बुकिंगच्या वेळीच ठरवा. ट्रेलरवर जेनसेट, म्हणजे डिझेल जनरेटर, हवा आणि त्यात दोन्ही वेळच्या ट्रॅफिकला पुरेल इतकं डिझेल. पॅकहाउसमध्ये ४४० व्होल्टचा थ्री फेज, ३२ अँपिअरचा रीफर सॉकेट हवा. साध्या थ्री फेज बोर्डात तो प्लग बसत नाही. स्वतःचे डेटा लॉगर निदान दोन ठेवा, एक मध्यावर आणि एक दाराजवळच्या पॅलेटमध्ये वरच्या थराला. यंत्राचा आलेख हवेचं तापमान दाखवतो, फळाचं नाही.

प्रवास लांबला तर काय, याचाही विचार हवा. २०२३ च्या डिसेंबरपासून बोटी लाल समुद्र टाळून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागल्या आणि युरोपच्या फेऱ्या दहा ते चौदा दिवसांनी वाढल्या. अशा वेळी दर्जात काठावरचा माल जवळच्या बाजारात, आखातात पाठवावा. रीफर दिवस वाढवतो, दर्जा वाढवत नाही.

याच रीफरचा एक स्वस्त वापरही आहे. रिकामे रीफर जिथे हवेत तिथे नेण्यासाठी शिपिंग लाइनी ते यंत्र बंद ठेवून ड्राय माल घालून कमी भाड्यात देतात. त्याला एनओआर म्हणतात. द्राक्षांचा हंगाम जवळ आला की न्हावा शेवाकडे येणाऱ्या मार्गांवर असा सौदा मिळू शकतो. आयातदारांनी जरूर विचारावा. खोक्यांतला स्वच्छ, हलका माल असेल तरच घ्या. टी पट्ट्यांवर टोकदार भार किंवा ड्रम ठेवले की पट्ट्या दबतात, आणि त्याचं बिल मोठं असतं.

कांदा, हळद आणि छतावरून टपकणारं पाणी

ड्राय डब्याच्या वरच्या कोपऱ्यांत छोट्या जाळ्या असतात. त्यांना बघून "हवा खेळते" म्हणणाऱ्यांचा कांदा कोंब फुटून पोहोचतो. त्या जाळ्या हवेचा दाब सारखा राहावा एवढ्यासाठीच आहेत. कांदा श्वास घेतो, उष्णता आणि ओलावा सोडतो. आखातासारख्या जवळच्या प्रवासाला काही लाइनी एक दार उघडं बांधून, आतून जाळी लावून न्यायला परवानगी देतात, पण ती लेखी हवी आणि बोटीवरची जागाही तशी मिळायला हवी. लांबच्या प्रवासाला व्हेंट उघडी ठेवलेला रीफरच. गोण्यांच्या थप्प्यांमध्ये हवेला वाट सोडा. भिंतीला टेकून गच्च भरलेला कांदा कुठल्याही डब्यात सडतो.

सांगलीची हळद, बेदाणा, सूत, पेंड यांना दुसराच त्रास. जूनमध्ये दमट हवेसकट डबा बंद होतो, दिवसा तापतो, रात्री छत गार पडतं आणि ओलावा थेंब होऊन मालावर पडतो. पाणी बाहेरून आलेलं नसतं, म्हणून डब्यात भोक शोधून काही सापडत नाही. विमा कंपनी मग "मालातलाच ओलावा" म्हणून दावा फेटाळू शकते. उपाय: पॅलेटचं लाकूड १८ टक्क्यांहून ओलं नसावं, ओलावा मोजायचं यंत्र स्वस्तात मिळतं; तळ धुतला असेल तर पूर्ण वाळू द्या; मालावर क्राफ्ट पेपर अंथरा; आणि कॅल्शियम क्लोराइडच्या लांब पिशव्या भिंतीच्या खाचांत टांगा, ट्वेन्टीत चार ते सहा, फॉर्टीत आठ ते बारा. खोक्यात टाकायच्या सिलिका जेलच्या पुड्या एवढ्या मोठ्या जागेला पुरत नाहीत.

दारातून न जाणारा माल

साखर कारखान्याचा रोलर, लांब शाफ्ट, मोठा प्रेस असा माल क्रेनने वरून सोडायचा असेल तर ओपन टॉप. छताच्या जागी काढता येणाऱ्या कमानी आणि वर ताडपत्री. दारावरची आडवी पट्टीही फिरवून बाजूला करता येते. ताडपत्री ताब्यात घेतानाच उघडून बघा, जुन्या दुमडींवर भेगा असतात. माल वरच्या कडेपेक्षा खाली राहिला तर भाडं ठीक आहे. वीस सेंटिमीटर जरी वर आला तरी तो मापाबाहेरचा ठरतो आणि त्याच्यावरची जागाही तुमच्या बिलात येते. एखादं झाकण किंवा मोटर सोडवून उंची कमी होत असेल, तर फिटरची एक दिवसाची मजुरी वसूल होते.

रुंदीही जास्त असेल तर फ्लॅट रॅक: भिंती नाहीत, छत नाही, दोन टोकांना उभ्या चौकटी. ४० फुटी फ्लॅट रॅक ३९-४० टनांपर्यंत पेलतो, ड्राय डब्यापेक्षा कितीतरी जास्त. पण बांधणी सगळी तुमच्या गळ्यात. लांबी-रुंदी-उंची, वजन आणि गुरुत्वमध्य दाखवणारं रेखाचित्र दिल्याशिवाय लाइन दर सांगत नाही, आणि सर्व्हेअरचं लॅशिंगचं, म्हणजे बांधणीचं, सर्टिफिकेट नसेल तर बंदर डबा घेत नाही. समुद्राचं खारं पाणी थेट मालावर उडतं. घडीव भागांना गंजरोधक वंगण आणि श्रिंक रॅप लागेलच.

पातळ माल

टँक कंटेनर २० फुटी चौकटीत, २१,००० ते २६,००० लिटरचा. आत आडपडदे नसतील तर धोकादायक द्रव भरताना तो २० टक्क्यांहून कमी किंवा ८० टक्क्यांहून जास्तच भरायचा. अर्धवट भरलेल्या टँकेत द्रव हेलकावे खातो आणि घाटाच्या वळणावर ट्रेलर उलटू शकतो. २२,००० लिटरचा माल २६,००० च्या टँकेत घातला तर जेमतेम ८५ टक्के भरते, म्हणून आकार मालाप्रमाणे मागा. आधीच्या तीन मालांची नोंद आणि धुलाईचं प्रमाणपत्र बघितल्याशिवाय खाद्यतेल भरू नका.

धोकादायक नसलेल्या द्रवासाठी फ्लेक्सीटँक स्वस्त पडतो, ट्वेन्टीच्या आत अंथरलेली १६,००० ते २४,००० लिटरची पिशवी. एकदा वापरून फेकायची, त्यामुळे धुलाईचा आणि टँक परत करण्याचा प्रश्न नाही. डबा मात्र नवा, भिंती सरळ आणि आत एकही खिळा किंवा वेल्डिंगचा टोकदार थेंब नसलेला हवा. चुरगळलेल्या भिंतीचा डबा दिला तर परत पाठवा, घासाघीस नको.

रिकामा डबा ताब्यात घेताना

प्रकार बरोबर निवडला तरी यार्डातून आलेला नेमका डबा कसा आहे, यावर बरंच अवलंबून असतं. ट्रेलर कारखान्यात लागला की माल काढायच्या आधी पंधरा मिनिटं द्या.

दारावरचा नंबर बुकिंगशी जुळवा: चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीतला एक तपासणी आकडा. त्याखालचा चार चिन्हांचा कोड प्रकार सांगतो. २२जी१ म्हणजे साधा ट्वेन्टी, ४२जी१ साधा फॉर्टी, ४५जी१ हाय क्यूब, ४५आर१ हाय क्यूब रीफर. हाय क्यूब मागितला आणि ४२जी१ आला, हे होतं. लोडरच्या लक्षात ते शेवटची रांग चढवतानाच येतं. डाव्या दारावर सीएससीची, म्हणजे डबा सुरक्षित असल्याच्या आंतरराष्ट्रीय मंजुरीची, पाटी असते, तिच्यावर पुढच्या तपासणीची तारीख किंवा एसीईपीचा (सततच्या तपासणीच्या मंजूर योजनेचा) शिक्का हवा.

मग एक माणूस आत पाठवून दोन्ही दारं घट्ट लावा. एक मिनिट थांबलं की डोळे सरावतात आणि छतात, कोपऱ्यांत, तळाच्या कडेला उजेडाचे ठिपके दिसतात. जिथे उजेड, तिथे पाणी. त्याच मिनिटात वासही कळतो. आधी कातडं, रसायन किंवा मासळी गेली असेल, तर बंद डब्यात तो वास लपत नाही, आणि चहा किंवा मसाल्याला तो लागला की उतरत नाही. तळावरून हात नाही, बुटाचा तळवा फिरवा: खिळे, तेलाचे डाग, दबणारं प्लाय. दाराचं रबर कडेने फाटलेलं नसावं आणि चारही दांडे हातानं फिरावेत. हातोडीने बसवायचा दांडा पलीकडे हातोडीनेही निघत नाही. बाहेर जुन्या धोकादायक मालाची लेबलं राहिली असतील तर खरवडून काढा. जे काही खटकेल त्याचा फोटो, आणि यार्डाच्या ईआयआरवर (डबा देताघेताना त्याची स्थिती लिहिणाऱ्या पावतीवर) नोंद. नोंद नसेल तर परत करताना दुरुस्ती तुमच्या नावावर निघते.

बुकिंगच्या मेलमध्ये नुसतं "१ x ४०" लिहू नका. कोड, मालाचं नाव, एकूण वजन, फूड ग्रेड हवा की नको, रीफर असेल तर तापमान चिन्ह-एककासह आणि व्हेंट, दोन्हीकडे डबा ठेवायचे मोफत दिवस, आणि पलीकडची रस्त्यावरची वजनमर्यादा, हे सगळं एकाच मेलमध्ये असू द्या. भरून झालं की उजव्या दाराला बोल्ट सील, सीलचा नंबर वाचता येईल असा फोटो, आणि व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या डब्याचं पडताळलेलं एकूण वजन. १ जुलै २०१६ पासून पडताळलेल्या वजनाशिवाय डबा बोटीवर चढत नाही. मालाची बेरीज करून व्हीजीएम काढत असाल तर पॅलेट, लॅशिंग, तुळया, एअर बॅग सगळं धरा, आणि डब्याचं रिकामं वजन तक्त्यातून न उचलता त्याच डब्याच्या दारावरून घ्या. दोन हाय क्यूबमध्ये शंभर-दोनशे किलोंचा फरक सहज निघतो.